तांब्या कोण धरत होतं

परवा क्लासात एक नवीन आई आली. पोरगी सातवीतली. कीबोर्डवर दोन गाणी येतात, शाळेच्या गॅदरिंगसाठी तिसरं बसवून द्या म्हणाली. ‘मॅडम, एकच गाणं, पण दणक्यात.’ मी काही बोलायच्या आत तिनं पर्समधून ओलं टिश्यू काढलं आणि माझ्या पेटीच्या पट्ट्या पुसायला लागली. आधीच्या तासाला कुणाकुणाचे हात लागलेले असतात म्हणे. मी तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे चांगलं आवळलं. सत्तरीला टेकलेल्या बाईच्या हातात एवढी ताकद असंल असं तिला वाटलं नसणार. ‘सॉरी मॅडम, सवय आहे,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘सवय चपलेबरोबर बाहेर काढून ठेवायची.’ पोरगी हसली, आई नाही हसली. दुसऱ्या दिवसापासून दोघी आल्या नाहीत. न येऊ देत. माझ्या क्लासात पेटी पुसत नाहीत. एकाचं वाजवून झालं की दुसऱ्यानं त्याच पट्ट्यांवर बोटं ठेवायची. धूळ बसली तर सकाळी मी स्वतः कोरड्या ब्रशनं झाडते. लोक म्हणतात म्हातारी चक्रम आहे. असंल. पण चक्रम होण्याचंही कारण असतं माणसाला.

उदगीरला आमचं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या अंगाला होतं. बा मोंढ्यात हमाल. दिवसभर पाठीवर पोतं आणि संध्याकाळी मांडीशी पेटी. दीक्षा घेतल्यापासून तो जलशात वाजवायचा, गावोगाव जायचा, आणि ज्या गावात आजोबाला गावकुसाबाहेर बसवायचे त्याच गावात स्टेजवर बसून वाजवून यायचा. पेटी जुनी होती. भात्याला बानं स्वतः चामड्याची ठिगळं लावलेली. तिला हात लावायचा म्हणजे आधी जेवणाचे हात धुवायचे, मग ते पूर्ण वाळू द्यायचे. मी लहानपणी एकदा ओल्या बोटांनी वाजवायला बसले तर त्यानं हातावर फटका मारला होता. आयुष्यात एकदाच मारलं त्यानं मला, ते ह्यापायी. म्हणायचा, ‘सुले, पेटी म्हंजी लाकूड, चामडं आन पितळ. तिघायचा दुश्मन एकच हाय, पाणी.’ मी मॅट्रिक होईपर्यंत त्याला येत होतं ते सगळं मला यायला लागलं. पेटी उघडून सूर साफ करणं, अडकलेली पट्टी सोडवणं, सगळं. माय म्हणायची, ‘पोरीला भाकरी थापायची न्हाई शिकवली, पेटी खोलायची शिकवली.’ ती कौतुकानं म्हणायची की वैतागून, हे मला आजही सांगता येत नाही.

आणि मग तो दुष्काळ. पाऊस नाही, आडात पाणी नाही, मोंढ्यात माल नाही, म्हणून बाच्या पाठीला पोतं नाही. माय सरकारी कामावर खडी फोडायला जायला लागली. दिवसभर उन्हात हातोडा, आणि येताना पदरात कामावर वाटलेली सुकडी. घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी. थापताना फाटायची, खाताना घशाला घासायची. बा तिला ‘सायबाच्या घोड्याचा खुराक’ म्हणायचा आणि खायचा. पाण्यासाठी पहाटे मी आणि माय दीड कोसावरच्या विहिरीवर जायचो. मी खाली उतरायची, खडकाच्या खोबणीत पाझर साचायचा, तो वाटीनं भरून घागरीत ओतायची. एक घागर भरायला जो वेळ लागायचा त्यात माझे गुडघे भरून यायचे. त्या पाण्यात आधी प्यायचं, मग शिजवायचं, उरलं तर तोंड धुवायचं. हे सगळं एवढ्यासाठी सांगून राहिले की पुढं पाण्याची गोष्ट येणार आहे आणि पाणी म्हणजे काय होतं ते आधी कळायला पाहिजे.

मोंढ्यात एक आडत दुकानदार होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. बा त्यांच्याच दुकानी हमाली करायचा. आप्पांची पोरगी महादेवी, माझ्याहून वर्षादीड वर्षानं लहान, लग्नाला आलेली. तिला दाखवायचा कार्यक्रम ठरत होता आणि पावण्यांकडून निरोप आला होता की मुलीला थोडं पेटीवर भजन वगैरे येत असंल तर बरं. आमच्याकडं तेव्हा हे एक खूळ होतं. पोरीला शंकराचं एक भजन यायला पाहिजे. एकच. पावणे आले की वाजवायचं, लग्न ठरलं की पेटी माळ्यावर. आप्पांनी हैदराबादहून पेटी मागवली, दुहेरी सुरांची, काळ्या पॉलिशची. पण शिकवणार कोण? वयात आलेल्या पोरीजवळ परका पुरुष बसवायचा नाही, आणि पेटी येणारी बाई गावात एकच, ती म्हणजे मी. आप्पांनी बाला बोलावून घेतलं. आप्पा मुलींच्या शाळेच्या कमिटीवर होते, आणि शाळा गाण्याची बाई घेणार होती. ‘आमच्या पोरीचं गाणं नीट बसव म्हण तुझ्या पोरीला,’ आप्पा म्हणाले, ‘पावण्यासमोर नीट झालं की शाळंचं मी बघतो.’ बा त्या दिवशी घरी चालत नाही, उडत आला. शाळेची नोकरी म्हणजे मायचा हातोडा सुटणार होता. माझ्यासाठी दुनियेत तेव्हा दुसरी गोष्टच नव्हती.

आप्पांच्या घरात मी कधी गेले नाही. ढाळजेत, म्हणजे दारातल्या ओसरीत, सतरंजी टाकायचे, पेटी बाहेर आणून ठेवायचे आणि तिथंच मी बसायची. भिंतीवर एका संताची तसबीर होती. त्यांनी आयुष्यभर सांगितलं की माणसात उच्चनीच नाही. त्यांच्याखाली रोज ताजं फूल असायचं, दुष्काळातसुद्धा. आतून तुपाचा, शेंगाच्या चटणीचा, गव्हाच्या खिरीचा, हुग्गीचा, वास यायचा आणि मी मिलोची भाकरी खाऊन आलेली असायची. चहा मिळायचा, कान तुटलेल्या कपात. तो कप माझाच होता आणि कोनाड्यात उपडा असायचा. त्याचं मला काही वाटत नव्हतं. तसला कप गावात दारोदार होता. घरावर सत्ता आप्पांच्या थोरल्या बहिणीची, आक्काची. विधवा, कपाळाला विभूती, बोलण्यात निम्मं कानडी. ती माझ्याशी बोलायची नाही. महादेवीशी बोलायची, माझ्याबद्दल. ‘तिला म्हण, उंबऱ्याच्या अलीकडंच.’

शिकवणं किती अवघड असतं हे ज्यानं शिकवलं नाही त्याला नाही कळायचं. पहिले पंधरा दिवस महादेवीची बोटं लाकडाची. भाता मारायची तर सूर विसरायची, सूर धरायची तर भाता थांबायचा. मी तिचा हात हातात घेऊन एकेक बोट सुटं करायची. ती मला ‘बाई’ म्हणायची. सतरा वर्षांच्या पोरीला. मला लई भारी वाटायचं. आणि एक दिवस दुपारी स्टेशनावर गाडीनं शिट्टी दिली. महादेवीनं वाजवणं थांबवलं, मान वाकडी करून ऐकलं आणि पट्ट्यांवर बोट फिरवत फिरवत नेमकं निषादावर आणून टेकवलं. तोच सूर. ‘बाई, गाडी निषादात वरडून राहिली बघा.’ तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी तिला फक्त भजन नाही शिकवलं. आक्का झोपलेली असली की अलंकार, पलटे, जलशातली एक चालसुद्धा. ती भराभर उचलायची. पन्नास वर्षं शिकवते आहे. असा कान मला परत चार-पाचच मिळाले. शिकवणाऱ्याला तेवढ्यावर जिंदगी काढता येते.

मग माझी वही विसरली. एवढंच झालं. गाण्याचे सूर लिहिलेली वही ढाळजेत राहिली आणि मी गल्लीच्या कोपऱ्यावरून परत फिरले. दार उघडंच होतं. आक्का पेटीपुढं बसली होती. ओल्या फडक्यानं पट्ट्या घासत होती, एकेक पट्टी, वरून, बाजूनं, फटीतून. फडकं मळलं की पिळून पुन्हा पाणी. आणि पाणी ओतत कोण होतं? महादेवी. दोन्ही हातांनी तांब्या धरून, वाकून, सवयीनं. म्हणजे हे रोजचं होतं. मी गेले की रोज. आक्कानं मला बघितलं आणि तिचा हात थांबलासुद्धा नाही. ‘आमचं मडीचं घर हाय,’ म्हणाली. मडी म्हणजे सोवळं. पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली ती. महादेवी तांब्याकडं बघत राहिली. मी वही उचलली आणि आले.

मला वाटेत काय काय झालं ते मी आज शब्दांत मांडते आहे, तेव्हा शब्द नव्हते. कप मी सहन केला होता. उंबरा सहन केला होता. पण ते पाणी. तांब्याभर पाणी. सकाळी मी खडकाला पोट लावून वाटी वाटी गोळा केलं होतं ते पाणी, आणि इथं माझ्या बोटांचे ठसे धुवायला तांब्या भरून. ज्या पोरीची बोटं मी एकेक करून मोकळी केली, तिच्याच हातानं.

घरी येऊन बाला सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, दोन शिव्या देईल. तो ताडकन उठून बसला आणि म्हणाला, ‘पाणी? पेटीत?’ मी म्हटलं, ‘बा, मी काय सांगून राहिले अन् तू काय इचारून राहिला.’ तो म्हणाला, ‘ते मी जलमापासून बघून राहिलो, सुले. पर पेटी मरंल ना. लाकूड फुगंल, पट्ट्या अडकतील, सुरायला हिरवं चढंल. उद्या जाऊन सांग त्यायला, पुसायचंच असंल तर कोरड्यानं पुसा.’ मी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे त्यांना शहाणपण शिकवायचं की मला कसं नीट विटाळ मानायचं. शाळेची नोकरी पण जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मोठं दुसरंच होतं. मला वाटलं, फुगू दे. अडकू दे. माझ्या तोंडानं वाचवणार नाही मी तुमची पेटी.

दुसऱ्या दिवशी मी गेले, शिकवलं, परत आले. महादेवी नजर चुकवायची. मी पण आता फक्त भजन घ्यायची, जेवढ्यास तेवढं. आठ-दहा दिवसांत पट्ट्या जड व्हायला लागल्या. ‘बाई, निषाद दाबला की वर यायला टाइम लावतोय,’ ती म्हणाली. मी तिच्याकडं सरळ बघून म्हटलं, ‘ओलाव्यानं होतं तसं.’ रानाला भेगा पडल्या होत्या आणि मी ओलाव्याचं कारण सांगत होते. तिला कळलं. तिनं मान खाली घातली. पट्टी सोडवायला मला पाच मिनिटं लागली असती. नाही सोडवली.

पावणे आले त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं, पोरगी अडली तर खूण करायला. मी ढाळजेच्या कडेला, पायरीजवळ. मुलगा, त्याची आई, मामा. सुशीला, म्हणजे चुरमुऱ्याचा नाश्ता, आणि चहा झाला. महादेवी हिरवं लुगडं नेसून पेटीपुढं बसली. सुरुवात सुंदर केली तिनं. मुलाची आई डोलायला लागली. आणि दुसऱ्या कडव्यात निषाद आला. तिनं पट्टी दाबली आणि पट्टी वर आलीच नाही. ती पुढं गेली, षड्जावर आली, तर निषाद मागं तसाच ओरडतोय. भाता हलतोय तोवर निषाद. ती गाते, निषाद ओरडतो. तिनं नखानं पट्टी उचलायचा प्रयत्न केला, शेजारची पण अडकली. मामा हसला. ‘गाडी आली का काय टेसनात?’ महादेवीचा हात भात्यावरून खाली पडला, तेव्हा कुठं निषाद थांबला.

आक्का आतून बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘त्या पोरीनं बिघडवली. खडी फोडणाऱ्याचे हात ते, पेटीला सोसत असतेत का?’ आप्पा माझ्याकडं वळले. ‘काय केलंस गं पेटीला?’ मायच्या हातांचं काढलं नसतं तर कदाचित मी गप्प बसले असते. शाळा होती, नोकरी होती, गप्प बसायची जलमाची सवय होती. मी उठले, सतरंजी ओलांडून पेटीजवळ गेले आणि वरचं झाकण उघडलं. आतून कुबट वास आला. सुरांवर हिरवं चढलेलं, स्प्रिंगा गंजलेल्या. ‘बघा,’ मी म्हटलं. ‘खडीनं असं होत न्हाई आप्पा. पाण्यानं होतं. मी गेल्यावर रोज पेटी धुतेत तुमच्या घरात. खोटं वाटत असंल तर हिला इचारा, तांब्या कोण धरत होतं.’

सगळे महादेवीकडं बघायला लागले. मी पण. एक शब्द बोलायचा होता तिला. ‘मी.’ किंवा नुसती मान हलवायची होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. बोलली नाही.

बोलली ती मुलाची आई. मला आजही तिचा आवाज आठवतो, एकदम मऊ, समजूतदार. ‘धुतली तर त्यात काय चुकलं?’ आक्काला म्हणाली. ‘पर पाणी कशाला घालायचं, आक्का? कोरड्या फडक्यानं पुसायची, वरून विभूतीचं बोट लावायचं. आमच्याकडं असंच करतेत.’ बाच्या मनातलंच बोलली की ती. कुणाला लाज वाटली नाही. कुणी चमकलं नाही. पेटी पुसायची कशी यावर दोन बायकांचं दोन मिनिटं बोलणं झालं, आणि मी त्यांच्या मध्ये झाकण धरून उभी. मग ती आप्पांना म्हणाली, ‘घर मडीचं हाय. आमाला असंच पाहिजे होतं.’ लग्न तिथंच ठरलं. आप्पांनी मला हातानं खूण केली, जा म्हणून. शाळेत पुढच्या महिन्यात दुसरी बाई लागली, जिला सात सूर ओळीनं म्हणता येत नव्हते. माय पाऊस पडेपर्यंत खडी फोडत राहिली.

त्या दिवशी घरी आल्यावर मायनं माझं डोकं छातीशी धरलं. म्हणाली, ‘बोललीस ते बेस केलंस.’ बानं आपली पेटी जवळ ओढली. मग म्हणाला, ‘समदं खरं हाय, सुले. पर पेटीनं काय केलं होतं तुला?’ त्याच्यावर मी किती वर्षं चिडून होते. एवढं झालं आणि ह्या माणसाला पेटीची पडली आहे. बा गेल्यावर मला कळलं की तो पेटीबद्दल बोलत नव्हता. त्यांनी जे केलं त्यात मी माझ्या हातानं पाच मिनिटांचं काम न करून भर घातली होती, आणि ते त्यानं ओळखलं होतं. माझ्या रागातला तेवढा एक भाग माझ्यावरचा आहे.

पुढं मी परीक्षा दिल्या, शिकवण्या केल्या, आणि लातूर उस्मानाबादेतून वेगळा जिल्हा झाला तेव्हा नवी ऑफिसं, नव्या शाळा निघाल्या, त्यात एका शाळेत लागले. ह्यावेळी कुणाची कमिटी लागली नाही. लेखी परीक्षा होती, तिथं हात कुणाचे ते कळत नाही. लातुरातच गांधी चौकाच्या मागं खोली घेतली, बाची ठिगळाची पेटी आणली, संध्याकाळचा क्लास सुरू केला. जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एक दिवस दारात एक बाई उभी. अंगानं सुटलेली, हाताशी नऊ-दहा वर्षांची पोरगी, आणि मागं रिक्षावाल्याच्या खांद्यावर चादरीत बांधलेली पेटी. पॉलिश उडालं होतं तरी मी ओळखली. पेटी आधी ओळखली, मग ती.

‘हिला शिकवा,’ महादेवी म्हणाली. ‘एक गाणं न्हाई. सगळं.’ मी विचारलं, ‘पेटी वाजते?’ ‘वाजते. निषाद तेवढा अडकतो. तो सोडून वाजवते मी.’ ‘रोज?’ ‘रोज. सासू गेल्यापासून.’ बारा वर्षांनंतरही ही बाई निषाद सोडून वाजवत होती. जो सूर तिनं स्वतः शोधला होता तोच सोडून. मला भडभडून यायला पाहिजे होतं. नाही आलं. आला तो राग, सगळाच्या सगळा, काल झाल्यासारखा ताजा. क्लासात सहा-सात पोरं बसली होती. त्यांच्यासमोर, तिच्या पोरीसमोर, मी विचारलं, ‘तांब्या कोण धरत होतं?’

तिनं पदराला हात लावला नाही. पोरीकडं एकदा बघितलं. मग माझ्याकडं बघून, मागच्या ओळीतल्या पोरालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘मी धरत होते, बाई.’

राग गेला का, असं मला लोक विचारतात. नाही गेला. का जावा? पण मी चादर सोडली, पेचकस घेतला आणि खाली बसून पेटी उघडली. महादेवीला म्हटलं, ‘तू पण बस. पोरीच्या शेजारी.’ पट्टी सोडवायला पाच मिनिटं लागली.